किडनीची विक्री कायदेशीर करायचीच म्हटली, तर नेमकी कशी?

तळटीप
अवयवदानावरचे धागे पुष्कळ झाले आणि सगळे "दान श्रेष्ठ"पाशी येऊन थांबले. हा धागा विक्रीचा आहे. मुद्दा आटोपशीर राहावा म्हणून फक्त किडनी घेऊ, आणि तीही जिवंत माणसाची. हृदयाचा प्रश्नच येत नाही. यकृताचा तुकडा काढून देणं शक्य असतं, पण त्याची जोखीम कितीतरी जास्त. ते इथे नको.

जगात वर्षाला दीड लाखाच्या वर अवयव-प्रत्यारोपणं होतात आणि गरजेच्या मानाने ती १० टक्केही भरत नाहीत. किडनीचे उरलेले रुग्ण आठवड्यातून तीनदा, दर खेपेला चार-चार तास डायलिसिसच्या खुर्चीत बसतात, किंवा तेही मिळत नाही म्हणून जातात. इराण सोडला तर जवळपास सगळीकडे विक्रीला बंदी आहे. अमेरिकेत १९८४ पासून, भारतात १९९४ पासून. बंदीने विक्री थांबली का? नाही. ती दलालाच्या हातात गेली.

बंदी उठवा म्हणणाऱ्यांमध्ये सगळ्यात बांधेसूद आराखडा चार्ल्स एरिन आणि जॉन हॅरिस यांनी २००३ साली मांडला. त्यात लिलाव नाही. खरेदीदार एकच, सार्वजनिक आरोग्ययंत्रणा. ती ठरलेल्या दराने किडनी घेणार आणि यादीतल्या रुग्णाला वैद्यकीय निकषावर फुकट देणार, म्हणजे पैसेवाल्याला रांग मोडता येणार नाही. विकणारा त्याच देशाचा किंवा देशसमूहाचा रहिवासी हवा, म्हणजे गरीब देशांतून किडन्या उपसता येणार नाहीत. आणि उद्या विकणाऱ्यालाच गरज पडली तर तोही त्याच यादीत असेल.

माझा कल या आराखड्याकडे आहे. यातली कुठली कडी तुटते ते सांगा. "हे अनैतिक आहे" एवढंच लिहायचं असेल तर ते नोंदवून घेतलं आहे असं समजा.

हिशेबनीस
"ठरलेल्या दराने" हे दोन शब्द तुम्ही फार पटकन लिहून गेलात. दर काढतात कसा ते बघा.

गॅरी बेकर (१९९२ चे अर्थशास्त्राचे नोबेल) आणि हुलियो एलियास यांनी २००७ साली एक आकडा मांडला, १५,२०० डॉलर. तो तीन तुकड्यांचा आहे. पहिला तुकडा मृत्यूच्या जोखमीचा. हजारात एक दाता दगावतो असं धरलं, जिवाचं सांख्यिकी मोल ५० लाख डॉलर धरलं, गुणाकार ५,०००. दुसरा तुकडा बुडालेल्या चार आठवड्यांच्या कमाईचा, २,७००. तिसरा, पुढच्या आयुष्याचा दर्जा घसरण्याच्या शक्यतेचा, ७,५००.

आता खोट. हजारात एक हे प्रमाण जास्त धरलं गेलं. २०१० साली अमेरिकेतल्या ८० हजारांहून अधिक दात्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा ९० दिवसांतले मृत्यू १० हजारांत सुमारे ३ निघाले. म्हणजे ५,००० चे १,५०० झाले. तिसरा तुकडा तर निव्वळ अंदाज आहे, आणि तोच सगळ्यात मोठा! पण खरी अडचण "जिवाच्या सांख्यिकी मोलात" आहे. धोक्याचं काम करायला लोक किती जादा पगार मागतात त्यावरून ते काढतात. जिथे लोक थोड्या पैशांत धोक्याचं काम करतात तिथे ते आपोआप उतरतं. बुडालेल्या मजुरीचंही तेच. सूत्र तेच ठेवलंत तर गरिबाची किडनी गणितातच स्वस्त पडते, त्यासाठी कुणी लबाडी करायची गरज नाही.

शंकेखोर
मग दर जास्त ठेवा. सरकारच एकमेव गिऱ्हाईक आहे ना? डायलिसिसचा वर्षानुवर्षांचा खर्च वाचतो, त्यातून भागेल.

हिशेबनीस
भागेल, त्याबद्दल वाद नाही. जिथे डायलिसिसचा खर्च सरकार उचलतं तिथे प्रत्यारोपण काही वर्षांतच स्वस्त पडतं. पण सरकारची बचत हा दर ठरवण्याचा पाया झाला, तर तिजोरीवर ताण आल्यावर काय होईल? एकमेव खरेदीदाराला दर पाडताही येतो. शेतमालाच्या एकाधिकार खरेदीत काय होतं ते आठवा.

नेफ्रॉन
दराचं चालू द्या. माझ्या मते कडी तुटते ती तपासणीच्या टेबलावर.

दात्याची निवड निम्मी प्रयोगशाळेवर आणि निम्मी त्याच्या तोंडच्या माहितीवर चालते. रक्तगट, एचएलए (पेशींवरच्या वारशाने आलेल्या खुणा), क्रॉसमॅच (रुग्णाचं रक्त दात्याच्या पेशींवर उलटतं का) हे यंत्र सांगतं. पण "घरात कुणाला मधुमेह होता का, कधी लघवीतून रक्त गेलं का, मुतखडा पडला का, मागच्या काही महिन्यांत सुई टोचून नशा केली का" हे माणूस सांगतो. भावाला किडनी देणारा हे सांगतो, कारण लपवलं तर भावाचाच तोटा. पैशांसाठी आलेल्याने खरं सांगितलं की तो बाद. खोटं बोलायचं बक्षीसच ठेवलंय म्हणा ना.

लोकांना वाटतं, सगळं चाचणीत उघडं पडतं. २४ तासांच्या लघवीची साधी चाचणी घ्या. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची आणि ती वेळ लिहायची. तिथून दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंतची प्रत्येक लघवी, शेवटच्या खेपेसह, डब्यात. एक खेप विसरली तर किडनीची क्षमता खोटी कमी दिसते. पहिली खेप टाकून दिलीच नाही किंवा दुसऱ्याची भर घातली तर खोटी जास्त दिसते. यावर पडताळा असा की डब्यातलं एकूण क्रिएटिनिन (स्नायूंत तयार होऊन किडनीवाटे बाहेर पडणारा टाकाऊ पदार्थ) माणसाच्या वजनाशी ताडून बघायचं. पुरुषात किलोमागे साधारण २० ते २५ मिलिग्रॅम, बाईत १५ ते २०. त्याच्या फार वर-खाली आलं तर डबा भरण्यात गोंधळ आहे. पण हा पडताळा घेणारा डॉक्टर घाईत नसावा लागतो. एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी यांना संसर्गानंतर काही काळ असा असतो की अँटिबॉडीची चाचणी कोरी येते. नॅट चाचणीने (ती विषाणूचा जनुकीय अंशच शोधते) तो काळ बराच आखूड होतो, शून्य होत नाही.

ही भीती कागदी नाही. संयुक्त अरब अमिराती आणि ओमानमधल्या १३० रुग्णांनी मुंबईत विकत घेतलेल्या किडन्या बसवून घेतल्या, त्यांची हकिकत १९९० साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली. एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी किडनीबरोबर आले होते.

तळटीप
ते काळ्या बाजारातलं उदाहरण. सरकारी केंद्रात तपासणी नीट होईल, हीच तर मागणी आहे. आणि खोटं बोलायचा मोह कमी करायचा एक मार्ग आहे. बाद झाला तरी तपासणीचा मोबदला द्यायचा.

नेफ्रॉन
त्याने मोह थोडा घटेल. पूर्ण रक्कम आणि तपासणीचा भत्ता यांतला फरक राहणारच.

बरं, मुंबईचं उदाहरण बाजूला ठेवा. आता असा मुद्दा सांगतो जो सरकारी केंद्रातही सुटत नाही. सीटी अँजिओग्राफीत दोन्ही किडन्या दिसतात, कुठलीला किती धमन्या, कुठली लहान. सगळं सारखं असेल तर डावी काढतात, तिची शीर लांब असते आणि जोडायला सोपी जाते. पण दोन्हींत फरक असेल तर नियम असा की चांगली किडनी दात्याकडे राहते, कमी प्रतीची रुग्णाला जाते. दानात हे सगळ्यांना पटतं. खरेदीत? ज्याने पूर्ण दर मोजला तो खरेदीदार डावी-उजवी ठरवताना कुणाच्या बाजूने असेल? एरिन-हॅरिस आराखड्यात याचं उत्तर मला सापडत नाही.

वाटसरू२
हा मुद्दा पहिल्यांदाच वाचला. +१

बाकी "एका किडनीवर माणूस आरामात जगतो" हे वाक्य सर्रास फेकलं जातं. त्यावर कुणी आकडे देईल का?

नेफ्रॉन
देतो. एक काढली की क्षमता त्याच दिवशी निम्मी होते. मग उरलेली किडनी वाढते आणि काही महिन्यांत मूळच्या ६५-७० टक्क्यांपर्यंत येते. २०१४ साली जामा या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकी दात्यांचा अभ्यास आला. किडनी पूर्ण निकामी होण्याचा जन्मभरचा धोका दात्यांमध्ये १० हजारांत सुमारे ९०, आणि तितक्याच निरोगी पण किडनी न दिलेल्यांमध्ये १४. प्रमाणात बघितलं तर सहापट, आकड्यात बघितलं तर शंभरात एकाहून कमी. दोन्ही खरं आहे. वादात प्रत्येक जण आपल्या सोयीचं तेवढं उचलतो.

पण हे ९० कुणाचे ते बघा. नीट निवडलेले, रक्तदाब तपासून घेणारे दाते. बाजारात विकायला येईल तो विशी-पंचविशीतला, अंगमेहनतीचं काम करणारा. त्याच्यापुढे अजून पन्नास वर्षं आहेत. मधुमेह आणि रक्तदाब चाळिशीनंतर उमटतात, म्हणून तरुणाची आजची कोरी चाचणी पन्नाशीतल्या माणसाच्या कोऱ्या चाचणीइतकी खात्रीची नसते. हे उलटं वाटतं, पण दाता जितका तरुण तितकं त्याचं पुढचं भाकीत कच्चं.

मूठभर
अंगमेहनतीवरून: किडनी विकणाऱ्यांची कमाई पुढे का घटते त्याचं कारण शस्त्रक्रियेच्या जखमेत आहे. चेन्नईतल्या ३०५ विक्रेत्यांची पाहणी २००२ साली जामामध्ये आली. ९६ टक्क्यांनी कर्ज फेडायला किडनी विकली होती. सरासरी १,४१० डॉलर कबूल झाले, हातात पडले १,०७०. त्यानंतर कुटुंबाचं सरासरी उत्पन्न एक-तृतीयांशाने घटलं. कर्जासाठी विकणाऱ्यांपैकी जवळजवळ तीन-चतुर्थांश लोकांचं कर्ज पाहणीच्या वेळीही होतंच. "दुसऱ्याला असं करायला सांगाल का" याला ७९ टक्के नाही म्हणाले.

जुन्या उघड्या शस्त्रक्रियेत कुशीत, बाराव्या बरगडीच्या रेषेत लांब छेद घेतात, प्रसंगी बरगडीचा तुकडाही काढतात. तिथली कळ अनेकांची वर्षानुवर्षं जात नाही. डोक्यावर पाटी घेणाऱ्याला त्याच कुशीवर जोर द्यावा लागतो. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत तीन-चार छिद्रं आणि किडनी बाहेर काढायला ओटीपोटावर सहा-सात सेंटिमीटरचा छेद. दोन ते चार दिवसांत माणूस घरी जातो, पण चार ते सहा आठवडे जड उचलायचं नाही. पगारी रजा असलेल्याला हे आठवडे म्हणजे विश्रांती, रोजंदारीवाल्याला नवं कर्ज.

नेफ्रॉन
भर घालतो. अंग दुखतं म्हणून मजूर कुठल्या गोळ्या खातो? डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन. एका किडनीवर नेमक्या याच टाळायच्या असतात. डिस्चार्ज कार्डावर ते लिहिलेलं असतं. कुणी समजावून सांगितलेलं नसतं.

शंकेखोर
मूठभर, चेन्नईचा बाजार बेकायदा होता. त्यावरून कायदेशीर विक्रीवर निष्कर्ष काढणं म्हणजे हातभट्टीच्या दारूने माणसं मेली म्हणून परवान्याची दुकानं बंद करा म्हणण्यासारखं आहे.

सौदामिनी_क
मग परवान्याच्या दुकानाकडेच जाऊ. इराण.

तिथे १९८८ पासून नात्याबाहेरच्या जिवंत दात्याला मोबदला देण्याची अधिकृत व्यवस्था आहे. जोडी लावून देण्याचं काम रुग्णांची संघटना करते, तिला किंवा शल्यचिकित्सकांच्या चमूला दलाली नाही. शस्त्रक्रियेचा खर्च सरकारचा. सरकारकडून दात्याला ठरावीक रक्कम आणि वर्षभराचा आरोग्यविमा. दाता आणि रुग्ण एकाच राष्ट्रीयत्वाचे हवेत, म्हणजे परदेशी रुग्णाला इराणी किडनी विकत मिळत नाही. हे कलम चांगलं आहे आणि त्याचं श्रेय द्यायला हवं. १९९९ पर्यंत किडनीची प्रतीक्षायादी संपली असं तिथल्या तज्ज्ञांनी जाहीर केलं. बंदीविरोधक हे वाक्य झेंड्यासारखं मिरवतात.

आता झेंड्याची दुसरी बाजू. सरकारी रक्कम पुरेशी नसते, म्हणून रुग्ण आणि विकणारा वरची रक्कम आपापसात ठरवतात. खरा दर तिथेच ठरतो, आणि त्यात घासाघीस असते. गरीब रुग्णासाठी धर्मादाय संस्था पैसे उभे करतात. म्हणजे एरिन-हॅरिसचा एकमेव खरेदीदार हा नव्हेच, प्रत्येक रुग्ण स्वतंत्र खरेदीदार आहे. यादी संपली म्हणजे यादीवर आलेले संपले. जिथे डायलिसिसच पोचलं नव्हतं तिथला रुग्ण यादीवर कधी आलाच नाही. आणि केर्मानशाह शहरातल्या ३०० विक्रेत्यांची पाहणी २००१ साली आली, तिच्यात बहुसंख्यांनी "पुन्हा संधी मिळाली तर विकणार नाही" असंच सांगितलं. कायदेशीर विक्रेते होते हे, शंकेखोर.

आणखी एक. इराणात मेंदूमृत व्यक्तीच्या अवयवांचा कायदा २००० साली आला, विक्री सुरू झाल्यावर बारा वर्षांनी. विकत किडनी मिळत असेल तर मृत्यूनंतरच्या दानाची यंत्रणा उभी करायची घाई कुणाला? हृदय आणि यकृताचे रुग्ण त्यात विनाकारण भरडले जातात.

शंकेखोर
मेंदूमृत्यूच्या कायद्याला उशीर झाला त्यामागे धार्मिक मान्यतेचा प्रश्नही होता. सगळं बाजाराच्या माथी मारू नका.

सौदामिनी_क
मान्य, एकच कारण नव्हतं.

कलम_एकोणीस
कायद्याच्या बाजूने. चर्चेत सगळे असं धरून चालले आहेत की आजचा कायदा दात्याला एक पैसाही देऊ देत नाही. तसं नाही. भारताच्या १९९४ च्या कायद्यात "पेमेंट"ची जी व्याख्या आहे तिच्यातून दोन गोष्टी वगळल्या आहेत. एक, अवयव काढणं, नेणं, टिकवणं यांचा खर्च. दुसरी, अवयव दिल्यामुळे दात्याला थेट झालेला वाजवी खर्च आणि बुडालेली कमाई. अमेरिकेच्या १९८४ च्या कायद्यातही प्रवास, राहणं आणि बुडालेला पगार वगळलेला आहे, आणि तिथल्या केंद्रीय मदत योजनेत २०२० मध्ये बुडालेली मजुरी आणि मुलांच्या सांभाळाचा खर्चही आला. ऑस्ट्रेलियात दात्याच्या रजेच्या पगारापोटी मालकाला सरकार पैसे देतं. कलम पुस्तकात आहे, ते वापरायची खिडकी नाही. बंदी उठवण्यावर भांडण्याआधी ही खिडकी उघडा.

दुसरं. भारतात नात्याबाहेरचा दाता प्राधिकार समितीपुढे जातो. समिती दोघांच्याही मागच्या तीन आर्थिक वर्षांच्या उत्पन्नाचे आणि व्यवसायाचे पुरावे बघते, परिस्थितीत फार तफावत असेल तर कान टवकारते, ओळख जुनी असल्याचे पुरावे मागते, जुने एकत्र फोटोसुद्धा. मुलाखतीचं चित्रीकरण होतं. मग फसवणूक कुठून शिरते? नात्याच्या दारातून. जवळच्या नातेवाईकाला या समितीपुढे जावं लागत नाही, म्हणून विकणाऱ्याला नातेवाईक बनवतात. आई-मुलगा, भाऊ-बहीण हे एचएलए किंवा डीएनएने उघडं पडतं. नवरा-बायकोचं रक्ताचं नातं नसतं, तिथे रक्त काहीच सांगत नाही. म्हणून बनावट लग्नाचा दाखला हे दलालाचं आवडतं हत्यार.

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यात चुकलेलं. कलम १९ प्रमाणे पैसे देणारा जितका गुन्हेगार तितकाच घेणारा. शिक्षा ५ ते १० वर्षं, दंड २० लाख ते १ कोटी. १,४१० कबूल करून १,०७० हातावर ठेवणाऱ्या दलालाविरुद्ध विकणारा तक्रार करेल का? पुढे क्रिएटिनिन चढलं तर "माझी एक किडनी काढली आहे" असं डॉक्टरला तरी सांगेल का? युरोप परिषदेच्या २०१५ च्या अवयव-तस्करीविरोधी कराराने विकणाऱ्यावर खटला भरायचा की नाही हे प्रत्येक देशावर सोडलं आहे. विक्रीला बंदी ठेवूनही विकणाऱ्याला शिक्षेतून वगळता येतं.

शंकेखोर
पण बुडालेली मजुरी आणि किंमत यात फरक काय? गरजू माणसाला दोन्ही पैसेच.

कलम_एकोणीस
फरक पावतीत आहे. भरपाई नुकसान दाखवून मिळते, माणसागणिक बदलते आणि दाता होता तिथेच परत येतो. किंमत सगळ्यांना सारखी असते, आधी जाहीर असते आणि तिने माणूस पुढे जायला हवा. ज्याला काम नाही त्याला भरपाई जवळपास शून्य, म्हणून नुसत्या भरपाईसाठी कुणी किडनी द्यायला येत नाही. असंघटित कामगाराकडे पगाराची पावती नसते ही अडचण खरी आहे. तिथे किमान वेतनाचा दर गुणिले आठवडे, असा ठोकताळा धरावा लागेल.

हिशेबनीस
एकरकमी ऐवजी हप्त्याने, असाही एक विचार आहे. दरवर्षी येऊन रक्तदाब, क्रिएटिनिन आणि लघवीतला अल्ब्युमिन (प्रथिन) तपासून घ्यायचा, त्या दिवशी त्या वर्षाचा हप्ता. सावकाराला एकदम देण्यासारखं काही हातात येत नाही, म्हणून कर्जबाजारी माणसाची घाईही कमी होते. शिवाय पाठपुरावा आपोआप होतो. आज अमेरिकेत दात्याची माहिती सहा महिने, एक वर्ष आणि दोन वर्षांनी कळवायचं बंधन रुग्णालयांवर आहे. तिसऱ्या वर्षी काय झालं हे विचारणं कुणावर बंधनकारक नाही.

मूठभर
कल्पना चांगली, पण सावकाराला कमी लेखू नका. लॉरेन्स कोहेन या मानवशास्त्रज्ञाने चेन्नईच्या वस्त्यांबद्दल १९९९ मध्ये लिहिलं ते असं, की जिथे बायका किडनी विकतात हे माहीत झालं तिथे सावकार वसुलीला जास्त कडक झाले. न विकलेली किडनी हे तारण झालं. ज्याने कधी विकायचा विचारही केला नाही त्याचीसुद्धा पत तिच्यावर मोजली जाऊ लागली. हप्ते असतील तर सावकार हप्त्यांवरच कर्ज देईल आणि पासबुक स्वतःकडे ठेवेल. "माझी मर्जी, माझं शरीर" म्हणणाऱ्यांनी शेजाऱ्याच्या मर्जीचं काय होतं तेही बघावं.

वाटसरू२
विक्रीशिवाय पुरवठा वाढतो का, हाही प्रश्न आहे. स्पेनचं नाव नेहमी येतं. "तिथे मृत्यूनंतर संमती गृहीत धरतात म्हणून" असं लोक म्हणतात, ते अर्धवट आहे. तो कायदा १९७९ चा. आकडे वाढले ते १९८९ मध्ये राष्ट्रीय प्रत्यारोपण संघटना उभी राहिल्यावर. प्रत्येक रुग्णालयात समन्वयक, आणि तो बहुतेक वेळा अतिदक्षता विभागातलाच डॉक्टर. संभाव्य दाता त्याच्या डोळ्यांसमोर असतो, बाहेरून कुणी कळवायची वाट बघावी लागत नाही. आणि कायदा काहीही म्हणो, कुटुंबाला विचारतातच. आज दर दहा लाखांमागे ४५ च्या वर मृत दाते.

दुसरा मार्ग अदलाबदलीचा. माझी किडनी माझ्या बायकोला चालत नाही, तुमची तुमच्या भावाला चालत नाही, पण आडवं जुळतं. या जुळवणीच्या गणितात मोठा वाटा असलेल्या अॅल्विन रॉथ यांना २०१२ चे नोबेल मिळालं. भारतात २०११ च्या दुरुस्तीपासून जवळच्या नातेवाईकांच्या जोड्यांना हे करता येतं.

शंकेखोर
अदलाबदल हीसुद्धा देवाणघेवाणच की. किडनीच्या बदल्यात किडनी.

वाटसरू२
आहेच. म्हणूनच अमेरिकेला २००७ मध्ये स्वतंत्र कायदा करून सांगावं लागलं की हे मोबदल्यात मोडत नाही. आणि त्यातला एक बारकावा इथे उपयोगाचा आहे. दोन जोड्यांच्या अदलाबदलीत चारही शस्त्रक्रिया एकाच वेळी सुरू करतात, चार टेबलं, चार चमू. कारण पहिल्या दात्याची किडनी निघाल्यावर दुसऱ्याने माघार घेतली तर त्याला कुठलंही न्यायालय टेबलावर आणून झोपवू शकत नाही. ज्याची किडनी गेली ती जोडी तर कायमची नागवली, अदलाबदलीला त्यांच्याकडे काही उरलं नाही. याउलट कुणा अनोळखी माणसाने निरपेक्ष दिलेल्या किडनीपासून साखळी सुरू झाली तर शस्त्रक्रिया वेगवेगळ्या दिवशी चालतात. प्रत्येक जोडीला आधी मिळतं, मग ती देते. साखळी तुटली तर पुढच्यांची आशा जाते, पण किडनी देऊन हात हलवत कुणी बसत नाही.

विक्रीत हीच अडचण पैशाच्या रूपाने येते. पैसे आधी दिले तर माघारीचा हक्क नावापुरता उरतो, नंतर दिले तर फसवणुकीची भीती. भूल देण्याच्या क्षणापर्यंत कारण न सांगता उठून जाता यायला हवं, हे तर सगळ्यांनाच मान्य आहे ना?

तळटीप
मान्य. आराखडा बदलून लिहितो. पैसे शस्त्रक्रियेआधी नाहीत, तिसऱ्याच पक्षाकडे ठेवलेले, निम्मे शस्त्रक्रियेनंतर आपोआप जमा. उरलेले निम्मे दरवर्षीच्या तपासणीला, आणि ते गहाण टाकता येणार नाहीत अशी तरतूद, पेन्शनसारखी. बाद झालेल्याला तपासणीचा भत्ता. तपासणीत हिपॅटायटिस किंवा मधुमेह सापडला तर त्याचे उपचार खरेदीदार यंत्रणेकडे. आजचे जे बिनमोबदल्याचे दाते आहेत त्यांची जन्मभराची नोंदवही आधी सुरू करायची. ती दहा वर्षं नीट चालवून दाखवेपर्यंत विक्रीची परवानगी नाही. विकणाऱ्यावर खटला आजपासूनच बंद.

मूठभर
नोंदवही दहा वर्षं चालली तर मी पुन्हा वाद घालायला येईन. ती चालेल असं मला वाटत नाही. पाठपुराव्याला पैसे देणारं कुणी नसतं.

नेफ्रॉन
डावी-उजवीचं राहिलं.

तळटीप
चांगली किडनी विकणाऱ्याकडेच. ते रुग्णाच्या चमूने नाही, दात्याच्या वेगळ्या डॉक्टरने ठरवायचं.

हिशेबनीस
मग यंत्रणा पूर्ण दराने कमी प्रतीची किडनी घेणार. लेखापरीक्षणात आक्षेप येईल.

नेफ्रॉन
येऊ द्या.